खंडेनवमीचा पाना

गाडी कुणाचीही असो, उभी दिसली की मी आधी खाली वाकून चाकाचे नट बघतो. पाहुणे चहा पीत असतात आणि मी बाहेर त्यांच्या गाडीशी उकिडवा बसलेला असतो. बायको चिडते. लोक हसतात, हसू देत. या सवयीमागं एक सकाळ आहे, आणि ती मी कुणाला पुरती सांगितलेली नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला माझ्याकडं एक तीनचाकी होती. पुढून जुनी जड फटफटी, मागं मोडीत निघालेल्या रिक्षाचा अ‍ॅक्सल आणि त्यावर फळ्यांचा हौदा. आरटीओच्या कागदात ती कशात बसत होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमचं गाव घनसावंगी तालुक्यातलं, वडीगोद्रीच्या फाट्यापासून बरंच आत. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. त्यामुळं बाजाराची माणसं, कापसाची गाठोडी, आजारी म्हातारे, सगळे माझ्याच हौद्यात.

जालन्याच्या ज्या मिस्त्रीनं ती जोडून दिली, त्यानं एकच गोष्ट बजावली होती. "दुचाकी वळताना कलती, ही कलत न्हाई. वळणावर सगळा जोर चाकाच्या चार नटांवर येतो. रोज किक मारायच्या आधी पाना मार. समोरासमोरचे नट आवळ, एका रांगेनं न्हाई." मी ते इमानेइतबारे पाळलं. दीड-दोन वर्षांत एक सकाळ चुकली नाही. चुकली ती खंडेनवमीची.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजेला मांडतात. विळा, कुऱ्हाड, पाभर, आणि त्या वर्षी माझा पाना. आदल्या दिवशी मी गाडी धुतली होती. जत्रेतल्या बैलासारखी नटवायची म्हणून मागची दोन्ही चाकं काढली, लाल ऑइलपेंटनं आतून-बाहेरून रंगवली, नट रंगवले, नट बसतात ती भोकांची कडसुद्धा सोडली नाही. वाळल्यावर चाकं चढवली आणि नट अंगातली सगळी ताकद लावून आवळले. लाल चाकांकडं चार वेळा वळून बघितलं. एवढी देखणी गाडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला पंधरा दिवस होते. पण पूजा होऊन तासही झाला नसेल, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावातल्या सुईणीनं हात लावून बघितलं आणि तोंड बारीक केलं. "मूल आडवं हाय," ती म्हणाली. "अंबडच्या दवाखान्यात न्या. जल्दी न्या."

गावातली एकुलती एक जीप बाहेर गेली होती. मी हौद्यात कडबा पसरला, त्यावर गोधड्या टाकल्या. बहिणीला निजवलं आणि पाना घ्यायला देव्हाऱ्यापुढं गेलो, तर आईनं माझं मनगट धरलं.

"पूजेतलं हत्यार आज हलवायचं न्हाई."

"अगं, वाटंत लागंल."

"आजच लागतंय का? लेक अशी अडलेली, आन् तू देवाचं मोडून राह्यला. राहू दे."

तिच्या डोळ्यांत भीती होती. मला वाद घालायला वेळ नव्हता आणि कालच आवळल्याचा भरवसा होता. पाना तिथंच राहिला, झेंडूच्या फुलांखाली.

रस्ता खडीचा. गाडी जोरात नेली तर बहीण कळवळायची, हळू नेली तर माझा जीव वरखाली व्हायचा. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. निम्मा रस्ता गेला असेल, तेव्हा मला मागून आवाज आला. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला.

गाडी थांबवून मी खाली वाकलो. डाव्या चाकाचा एक नट गायब. उरलेले तीन बोटांनी फिरत होते. रिमवर लाल रंगाचा भुगा सांडला होता. अजून एखादं वळण आणि चाक निघून गेलं असतं, हौदा उलटला असता, आणि आत ती होती.

हातानं नट आवळले. हातानं काय आवळणार? तेवढ्यात बहीण ओरडली, आणि माझा सगळा घाबरेपणा रागात उलटला. मी आईला म्हणालो, "तुझ्या पूजेपायी तुझी लेक मरंल आज. वाहा तिला आता देवाला."

आई हौद्यातून उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू हळू चाल. मी चाक बघत येते."

असे आम्ही फाट्याकडं निघालो. मी पायी चालण्याच्या वेगानं गाडी चालवत होतो आणि आई डाव्या चाकाशेजारून, त्यावरची नजर न काढता, अनवाणी खडीवरून चालत होती. "थांब" म्हणाली की मी उतरायचो, नट पुन्हा हातानं फिरवायचो, पुन्हा निघायचो. मधेच बहिणीनं विचारलं, "दादा, किती राह्यलं?" मी म्हणालो, "आलंच." तसं काही आलं नव्हतं.

फाट्यावर पंक्चरचं एक दुकान होतं. दुकानदार बाहेर बाजेवर बसलेला, आत फळीवर त्याची सगळी हत्यारं हळद-कुंकू लावून मांडलेली. मी पाना मागितला. तो उभा राहिला, हौद्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं आणि घुटमळला. "आजच्या दिवशी..." एवढंच म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत आई आत गेली. फळीला हात जोडले आणि फुलं बाजूला सारून मोठा पाना उचलून आणला. तिच्या तळपायातून रक्त येत होतं. "पाप माझ्या डोक्यावर," ती त्याला म्हणाली. "घे दादा, आवळ." आणि बहिणीला पाणी पाजायला गेली.

त्यानंतर त्या माणसानं वेळ घालवला नाही. चाक काढलं, भोकाच्या कडेवर नख ओढलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हितं रंग कुणी लावला?"

"मी."

"नट लोखंडावर बसला पाह्यजे. तुझा रंगावर बसल्ता. रंग चिरडला, नट ढिला झाला. सकाळी पाना मारला असता तरी वाटंत ढिलाच झाला असता." त्यानं दोन्ही चाकांचा रंग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला, डब्यातून एक नट दिला, समोरासमोरचे आवळले. "दोन-तीन किलोमीटरवर परत आवळ. पाना घेऊन जा."

मी आईकडं बघितलं. ती बहिणीच्या कपाळावर ओला पदर फिरवत होती. तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

अंबडला पोचलो. पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी पाना परत केला. रंगाचं मात्र आईला सांगितलं नाही. आधी धावपळ होती, मग लाज वाटली, मग इतके दिवस गेले की सांगणं अवघड झालं.

पुढच्या खंडेनवमीपासून आईनं माझा पाना देव्हाऱ्यात मांडू दिला नाही. ती कुंकवाची वाटी घेऊन गाडीपाशी यायची, पान्याला तिथंच बोट लावायची आणि माझ्या हातात द्यायची. भाची आजोळी आली की तिला जवळ घेऊन सांगायची, "तुझ्या आज्जीनं मारलंच होतं गं तुला, पूजेच्या नादात." भाची हसायची. आई नाही हसायची.

आईनं हे दरवर्षी सांगितलं, अगदी शेवटच्या वर्षीही. मी तिथंच असायचो, गाडीपाशी उकिडवा बसून नट आवळत. ते आधीच घट्ट असायचे, तरी मी मान वर करायचो नाही.