चूक कबूल करायची नाही

लग्नानंतरची माझी पहिली काही वर्षं पत्र्याच्या खोपटांत गेली. आमचे हे बांधकामाचे गुत्तेदार होते. निजामाचं राज्य जाऊन नवं सरकार आलं आणि गावोगाव शाळेच्या खोल्या, दवाखाने बांधायची कामं निघाली. काम जिथं, तिथं आमचं बिऱ्हाड. एखाद्या गावात जरा ओळख व्हायला लागावी, तोवर खोल्यांवर पत्रे चढायचे आणि आमची बैलगाडी भरायची. बायका मला 'गुत्तेदारीण' म्हणत. मी आडावर गेले की बोलणं जरा थांबायचं. वाईट कुणी वागलं नाही. पण आज ना उद्या निघून जाणाऱ्या बाईपाशी मन कोण मोकळं करणार?

वालूरला मात्र तसं झालं नाही. शाळेच्या जागेला लागूनच एका शेतकऱ्याचा गोठा होता. त्या घरची सून माझ्याच वयाची. एका सकाळी मी खोपटात जातं ओढत होते, तर ती शेणाची पाटी घेऊन दारात उभी राहिली.

"एकटीच वढायलीस? हात मोडतेल की. आन तुझं दळन हिकडं."

त्या दिवसापासून आमचं दळण एकत्र. तिच्या घरचं जातं मोठं होतं, दोघींनी धरलं की हलकं फिरायचं. तिला माझ्या माहेरचं सगळं ठाऊक झालं, मला तिच्या सासूचं. लय बोलायची ती. मी ऐकायची. परभणीचं माहेर सोडल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं.

त्याच सुमारास ह्यांनी विमा उतरवला. परभणीत एका गुत्तेदाराची बांधकामाला लावलेली परांची वाटसरूंवर कोसळली होती आणि तो माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवून धुळीला मिळाला होता. ते पाहून हे घाबरले. विम्याचा एजंट कामावर आला. कागद इंग्रजीत होता, त्यानं मराठीत समजावून सांगितला.

"मी मेल्यावर पैसे मिळतेत, तसला का?" ह्यांनी विचारलं.

"तो आयुष्याचा विमा. हा वेगळा. तुमच्या कामामुळं दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई कंपनी देणार. फक्त एक अट आहे. काही घडलं तर चूक कबूल करायची नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही. आमचा माणूस येऊन बघेल, काय बोलायचं ते तोच बोलेल."

"अन् आमी?"

"तुम्ही गप्प राहायचं."

"गप राहायला काय लागतंय!" म्हणत ह्यांनी सही केली.

गोठ्याकडची भिंत नुकतीच उभी राहिली होती. गाड्यांतून आलेला दगड ह्यांनी आतून तिलाच टेकवून रचायला सांगितला. मी म्हणाले, "भिंत वली हाय आजून." हे म्हणाले, "उद्या हलवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला बाहेरून पोट आलं आणि ती गोठ्यावर पडली. माझी मैत्रीण आत शेण भरत होती.

दगड उचलायला सगळा गाव धावला. हेही होते. तिचा उजवा हात खाली सापडला होता. बैलगाडीतून सेलूला आणि तिथून रेल्वेनं परभणीच्या दवाखान्यात नेलं तिला. ह्यांनी सेलूहून एजंटाला तार केली. तो आला आणि त्यानं पहिली गोष्ट तीच सांगितली.

"त्यांच्या घरी जायचं नाही."

"मानूस म्हनून तरी?" हे म्हणाले.

"गेलात की बोलाल. बोललात की संपलं. मग कंपनी अंग काढून घेईल आणि त्या बाईलाही काही मिळणार नाही."

ह्या शेवटच्या वाक्यानं आम्हाला बांधून टाकलं.

ती हाताला प्लास्टर घालून घरी आली, ते मला गाडीच्या आवाजावरून कळलं. आमच्यात आता एक भिंतही उरली नव्हती, नुसते दगड पडलेले. तिचं कण्हणं ऐकू यायचं. म्हातारी सासू एकटी जातं ओढायची, मधेच दम घ्यायला थांबायची, आणि ती थांबली की माझाही हात कामावरून निघायचा. आडावर बायका मला जागा करून देत, पण बोलत नसत. दुकानदार मीठ-मिरची बांधून द्यायचा, मान वर न करता. हे ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. कंपनीचा माणूस येतो येतो म्हणत येतच नव्हता.

एका दुपारी मी उठले आणि गेले. सासू उंबऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, सरकून वाट दिली. मैत्रीण बाजेवर पडलेली. मला काही सुचेना, म्हणून मी जात्याशी बसले आणि सुपातली ज्वारी दळू लागले.

"इतके दिस कुठं व्हतीस?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. विमा काय, अट काय, आम्ही का आलो नाही. ती आढ्याकडं बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "भित्ताड कशानं पडलं?"

खोटं बोलायचं, तर जात्याचा खुंटा हातात धरून तिच्याच घरात कसं बोलणार?

"वल्या भिंतीला दगड टेकवले व्हते. ह्यांची चूक हाय."

सासू दारातच होती. तिनंही ऐकलं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "बरं केलंस," आणि तोंड फिरवून रडले.

अखेर कंपनीचा माणूस आला. त्यानं पाया पाहिला, दगड पाहिले, मोजमाप घेतलं. मग गोठ्याच्या अंगणात गावकऱ्यांसमोर त्यानं माझ्या मैत्रिणीला विचारलं, "गुत्तेदाराकडून कुणी येऊन चूक कबूल केली का?" आम्ही बाजूला उभे होतो. 

"न्हाई. कोनी आलं न्हाई," ती म्हणाली.

"आलं कशाचं!" सासू गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली. "बाई मरायलीय का जगायलीय, फिरकलं बी न्हाई कोनी. मानसं हायेत का कोन!"

दोघींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

भरपाई मंजूर झाली, पण हातात पडायला फार दिवस लागले. तोवर मला त्या घरी जाता आलं नाही. गेले असते तर तिचं बोलणं खोटं ठरलं असतं. गावानं आमचं नाव दगडाच्या काळजाचे म्हणून पक्कं केलं आणि ते खोडून काढणं आमच्या हातात नव्हतं. त्या घरच्यांनी नवा गोठा बांधला, म्हैस घेतली. तिची बोटं मात्र पुरती मिटेनात. ती डाव्या हातानं शेण ओढायची, ते मी लांबून बघायची.

शाळेवर पत्रे चढले. आमची गाडी निघाली तेव्हा ती आणखी दोघी-तिघींबरोबर गोठ्याशी उभी होती. त्यांच्यातल्या एकीनं गाडीकडं बघून तोंड वाकडं केलं. माझ्या मैत्रिणीनं खाली मान घालून डाव्या हातानं पदर सारखा केला आणि आत गेली.

पुढचं काम राणीसावरगावला होतं. आडावरच्या बायकांनी विचारलं, "हितं येयच्या आदी कुठं व्हता?"

"वालूरला."

"तितं कोन हाय तुमचं?"

घागर डोक्यावर घेत मी म्हणाले, "कोनी न्हाई."