मेहुण्याच्या भरवशावर

मला लिहायची सवय नाही. हे नीट उतरेल याचीही खात्री नाही. पण मंगळवारी कलेक्टर कचेरीत जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय चैन पडेना.

सोमशेखरअण्णा माझे शेजारी. पोलिसात गोपनीय शाखेचे हवालदार होते. साध्या कपड्यात हिंडायचं आणि कानावर आलेलं वर कळवायचं, हे त्यांचं काम. वळसंगच्या बाजारात मात्र सगळे ओळखत. चहावाला लांबूनच ओरडे, "सीआयडी आले, जपून बोला रे!"

तरी लोक त्यांनाच येऊन सांगत. असंच एकदा कळलं, की सीमेपलीकडे कर्नाटकातल्या एका जत्रेत बाँब ठेवायचा बेत आहे. जत्रा परवावर आलेली. नियमानं खबर आधी मुंबईला, मग दिल्लीला, मग बंगळूरला आणि तिथून खाली त्या ठाण्यात जायची. अण्णांनी वर कळवलं. पण त्याच संध्याकाळी घरी नातीचं बारसं होतं. अण्णांच्या बायकोचा, म्हणजे बसव्वावहिनींचा भाऊ गुरुबसप्पा जेवायला आला होता, आणि तो कर्नाटक पोलिसात! पोळी वाढता वाढता अण्णांनी त्याच्या कानात सगळं सांगितलं. त्यानं लगेच आपल्या ठाण्यात कळवलं; बाँबची पिशवी सापडली, माणसं धरली गेली. वरून खबर उतरली तेव्हा जत्रेतले आकाशपाळणेसुद्धा खोलून झाले होते.

नियम मोडला होता, म्हणून अण्णा कुठं बोलले नाहीत. आता गुप्तचर खात्यांसाठी नवा कायदा करायचं चाललंय. त्यासाठीची समिती व्हिडिओवरून निवृत्त पोलिसांचं म्हणणं ऐकणार होती. अण्णांनी नाव दिलं आणि वहिनी भडकल्या.

"पेन्शन बंद करतील की! आन् माझ्या भावाची नोकरी?"

"नाव न्हाय घेत गं त्याचं."

"मला भाऊ एकच हाय. दिल्लीला कळंना व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, तुमी सोबत जावा. जास्त बोलायला लागले की शर्ट ओढा."

कलेक्टर कचेरीत मी अण्णांच्या मागच्या खुर्चीवर त्यांच्या शर्टाचं टोक धरूनच बसलो. अण्णा उभे राहिले आणि बारशापासून सगळं सांगून मोकळे झाले! पण शर्ट ओढायला माझं मन होईना.

पडद्यावरच्या अध्यक्षबाईंना मराठी येत होती. "म्हणजे नियम मोडलात?"

"व्हय, बाईसाहेब."

"मग कायद्यात काय हवं?"

"शेजारच्या ठाण्याला थेट सांगायची मुभा द्या. आन् जो सांगणार न्हाय, त्याला जाब विचारा. समद्यांचे मेहुणे पोलिसात नसतात."

पडद्यावर हशा उठला. बाईही हसल्या. "हे मसुद्यात घ्यायला सांगते. आणि हवालदार, तुमच्या मेहुण्याचं नाव मी विचारत नाही."

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण लाज वाटली. बाहेर पायऱ्यांवरच अण्णांनी घरी फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला.

"आवो, कायदा माझ्या भावामुळं व्हतोय, आन् त्याचं नाव बी सांगितलं न्हाय?"