हिराक्का एकदाच सांगायची

हिराक्काला कोयत्यानं मारलं, हे मला सांगलीत विश्रामबागेत भाजी घेताना कळलं. फोनवर मलकापूरची तिची शेजारीण रडत होती. वैशाली नावाची एक बाई अक्कानं घरात ठेवून घेतली होती. तिचा नवरा तिला ओढून न्यायला आला, अक्का उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि त्यानं… हातातली मेथीची जुडी तिथंच टाकून मी निघाले. कराडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अक्का गेली होती. याला महिना झाला. माझा राग तसूभरही उतरलेला नाही, तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल मऊ मऊ लिहितात तसं मला जमणार नाही.

अक्का मूळची जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवऱ्याच्या माघारी मलकापुरात आली आणि निर्गुडीचं तेल कढवून घरोघर विकायला लागली. तोंडाची अशी फाटकी, की नळावर भांडायला उभी राहिली तर गल्ली आत पळायची. पण तेलाची पिशवी खांद्याला अडकवली की हीच बाई शहाण्यासारखी वागायची. मुरगळलं, सुजलं, अंग ठणकलं तर लावा, एवढंच सांगायची. शुगरला चालेल का म्हणून कुणी विचारलं तर त्याला डाक्टर हाय की, म्हणून वाटेला लावायची. एकदा कुणीतरी तिला पावडरीचे डबे विकायला शिकवतात म्हणून सांगलीला एका हॉलमध्ये नेलं. नको म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा पुन्हा जा, त्याला आजाराची भीती घाला, असं तिथला टायवाला शिकवत होता. अक्कानं हातातला डबा त्याच्या अंगावर फेकला आणि एसटीनं परत आली. "बळंनं पाजल्यालं अवशीद अंगी लागत न्हाई," हे तिचं शास्त्र. एकदा सांगायचं, बाटली ठेवायची, उठायचं.

माझी तिची गाठ पडली ती मलकापूरजवळच्या माझ्या सासरी. ऊसवाल्यांचं मोठं घर, दारात ट्रॅक्टर, बाहेर मोठा मान. सासूबाईंचे गुडघे चोळायला अक्का यायची. त्या दिवशी सासूबाई उठून आत गेल्या आणि तिनं मला विचारलं, तुजीबी पाठ चोळून देऊ का? मी नको म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही, बाटलीला टोपण लावायला घेतलं… आणि का कोण जाणे, मीच तिच्याकडं पाठ फिरवली. आदल्या दिवशी मी भावाला फोन केला म्हणून नवऱ्यानं उसाच्या टिपऱ्यानं मला बडवलं होतं. टिपरू मोडलं तसं त्यानं दुसरं घेतलं होतं. अक्काचा हात वळांवर येऊन थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. मेंढरू कुठं दुखतंय ते सांगत नाही, हात फिरवावा लागतो, असं ती नंतर कधीतरी म्हणाली होती. त्या दिवशी मात्र उठताना तिनं दुसरंच सांगितलं. "पोरी, तेलानं सूज उतरंल, त्याचा हात काय उतरायचा न्हाई. माज्या घरात एक खाट रिकामी हाय. एकदाच सांगते."

त्यानंतरही ती येत राहिली. गुडघे चोळायची, पाठ चोळायची, पण खाटेचा विषय पुन्हा काढला नाही. मला तिचा संताप यायचा. एकदा म्हणाली, मग पुन्हा का म्हणत नाही ही बाई? बाकी सगळे तर उठता बसता मला सांगतच होते. आई सांगायची सोस, सासूबाई सांगायच्या गप्प बस, नवरा तर हातानंच सांगायचा. न रेटता मला विचार करायला सोडणारं माणूस जगात ते एकच होतं, हे समजायला मला वेळ लागला.

मग एका दुपारी त्यानं खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि माझा हात मोडला. तसाच हात पोटाशी धरून मी मलकापूर गाठलं. अक्कानं काही न विचारता मला दवाखान्यात नेलं आणि आणून खाटेवर निजवलं. नवरा दारात येऊन अर्वाच्य बोलायला लागला, तेव्हा ती मेंढरामागची काठी घेऊन बाहेर गेली आणि त्याच्या गुडघ्यावर एकच असा तडाखा दिला की तो मटकन खाली बसला. मग आत आली, बाटली घेतली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "सकाळ संध्याकाळ लाव. गुन येतो," म्हणाली आणि दार लावलं. मोडक्या हातानं कण्हत असतानाही मला हसू फुटलं. तेलावर तिचा विश्वास असा, की मारलेल्यालाही तेच द्यायची आणि अगदी मनापासून द्यायची.

गेल्या आठवड्यात मी तिच्या खोलीवर गेले. वैशाली त्याच खाटेवर बसून होती. दाराआडून वार बघितलेली ती एकटीच. आदल्या दिवशी तिच्या सासरचे लोक येऊन गेले होते. झालं गेलं विसर, जबाब फिरव आणि नांदायला चल, म्हणाले होते. ती मान खाली घालून म्हणाली, जावं म्हणते ताई. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला धरून गदागदा हलवावं, दोन मुस्काटात द्याव्या, असं खरंच वाटलं. अक्काच्या रक्ताचा डाग अजून उंबऱ्यावर होता. पण मारून आणि रेटून बाईला वळवणारे काय थोडे आहेत? मी एवढंच म्हणाले, "तू जबाब फिरवलास तर तो सुटेल. सांगलीत माझ्याकडं जागा आहे. एकदाच सांगते." फळीवरची तेलाची बाटली तिच्याशेजारी ठेवली आणि उठले.

पायात चप्पल घालत होते. मागून आवाज आला. "आवं ताई, पाठीला माजा हात पोचत न्हाई."

मी परत येऊन बसले. तळहातांवर तेल घेऊन अक्का करायची तसं चोळून कोमट केलं. वळ जुने होते, त्यांवर आदल्या दिवशीचे नवे होते. मग भिंतीकडं तोंड करूनच ती म्हणाली, "मी बगितलंय. जसं बगितलं तसंच सांगनार."

मी चोळत राहिले.