अण्णाला पैकीच्या पैकी

मंडळी, माझ्या चुलतभावाची, अण्णाची कीर्ती ऐका. नेटवर उत्तरं शोधून शोधून त्याने ऑनलाइन आरोग्य-साक्षरता चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवले. प्रमाणपत्र फॅमिली ग्रुपवर झळकलं आणि अण्णा घरचा डॉक्टर झाला.

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या काकूला, शुगर आहे. तिच्या पायाला जखम झाली, तर पठ्ठ्या हळदच लावत बसला.

आज बनशंकरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. अण्णाने तिथंच ग्रुपवर पोल टाकला: काढायचा की नाही? "नाही" जिंकलं.

खाटेवरून काकू म्हणाली, "अरे, स्वल्प, थोडं मला पण विचार की."

अण्णा म्हणाला, "आई, तू ग्रुपवर कुठं आहेस?"

चाचणी काढणाऱ्यांनो, पुढच्या वेळी एवढा एकच प्रश्न विचाराल का: पाय कुणाचा आहे?