फणी आणि लांब शब्द

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धुळ्यात, मॅडमनी मला तोंडावर सांगितलं की ऑपरेशन थिएटरच्या ड्यूटीचा विचार सोड, मराठी शाळेतून आलेल्यांना तिथले शब्द झेपत नाहीत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला थिएटरच हवं होतं, आणि ते तोंडी परीक्षेवर ठरणार होतं.

मग मी हट्टालाच पेटले. लांबलचक शब्द टाळ्या वाजवून तोडायचा, एका टाळीला एक तुकडा. को-ले-सिस-टेक-टो-मी, सहा टाळ्या. म्हणता यायला लागलं, पण कळलं काय? कप्पाळ!

सुट्टीत फैजपूरला गेले. माझे वडील, आबा, मूळचे शिंदखेड्याकडचे. तिथे केळीच्या बागांत कापणीला असतात. ते घडाच्या फण्या उतरवत होते. मीही एक घड ओढला आणि टाळ्यांच्याच तालात सारख्या अंतरावर सुरी चालवली. फणी मधोमध चिरली, केळी मातीत पडली. आबा रागावले नाहीत.

"मोजीसन नही कापतस माय," ते म्हणाले, "सांधा देखीसन कापतस."

मी सुरी खाली ठेवली. माझ्या टाळ्याही मोजूनच पडत होत्या की! तुकड्यांचे अर्थ पुस्तकात मागे दिलेले होतेच, सुट्टीभर तेच पाठ केले. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. मी टाळी मारून पिशवीच फाडत होते.

परीक्षेत मॅडमनी फळ्यावर कधीच न शिकवलेला शब्द लिहिला, कोलेडोकोलिथोटॉमी. माझ्या आधीच्या मुलीने तो घडाघडा वाचला आणि अर्थ विचारल्यावर पुन्हा तोच वाचू लागली. मी वाचला तो अडखळत, गावाकडच्या उच्चारात. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हसा म्हटलं, हसून घ्या. मी सांधे धरले. पित्त, नळी, खडा, चिरणं. आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम आबांच्या अहिराणीत सांगितलं, "पित्तनी नळी चिरीसन खडा काढाना शे."

मॅडमनी भुवया चढवल्या. नीट मराठीत सांग म्हणाल्या.

"टेबलावर शिंदखेड्याचे कुणी नाना असले, तर त्यांना असंच सांगावं लागेल, मॅडम," मी म्हटलं. शब्द मागे घेतला नाही.

थिएटरच्या यादीत माझं नाव लागलं. पहिल्याच दिवशी शिंदखेड्याकडच्या एक म्हाताऱ्या अक्का टेबलावर झोपायला तयार होईनात. डॉक्टरांनी समजावलं, मॅडमनी समजावलं, त्या नुसत्या रडत होत्या. शेवटी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "तुझ्या भाषेत."