अडीच फुटांची गादी

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मला पाणी प्यायचं असे, नाहीतर चष्मा सापडत नसे. घरातल्यांना वाटतं आबांना त्या गोष्टीचा अजून त्रास होतो, म्हणून तेही गप्प बसतात. त्रास होतो हे खरं आहे, पण त्यांना वाटतो त्या कारणानं नाही.

आता लिहायला बसलो ते धाकट्या नातीमुळं. ती यंदा बारावी झाली. अमरावतीच्या कॉलेजात तिचं नाव लागलं आणि घरात तिच्या जाण्याची तयारी सुरू आहे. नवी बादली आली, स्टीलचा डबा आला, सून तिखट कुटून घेते आहे. परवा जेवताना माझा मुलगा तिला म्हणाला, "जे करशीन ते इचारून कर. ताईसारखं करू नको." धाकटीनं मान हलवली. मी ताट सारून उठलो. ताई म्हणजे माझी थोरली नात. तिनं बापाला फसवलं, ही आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. धाकटी तर ती ऐकतच वाढली.

ती गोष्ट खोटी आहे, आणि ते फक्त दोघांना माहीत आहे. एक ती आणि एक मी.

आमचं गाव तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. इथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, आणि अंगण धुतलं की वाळल्यावर पांढरी साय उमटते. वर हिवरखेडकडं गेलं की पाणी गोड लागतं, संत्र्याच्या बागा दिसतात. थोरली लहान असताना मला विचारायची, आबा, जमीन तर एकाला एक लागून आहे, मग पाणी वेगळं कसं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. नदी, गाळ, मीठ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिचं समाधान झालं नाही. बारावीनंतर तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं ते याच प्रश्नापायी. अकोल्याला तिच्या मामाचं घर होतं, त्याच्या जवळच्या कॉलेजात तो विषय नव्हता. अमरावतीला होता.

तिनं हे पहिल्यांदा मला सांगितलं. बापाला सांगायच्या आधी मला विचारलं, कारण तेव्हा ती सगळंच मला आधी विचारायची. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता म्हणून रोज सकाळी ती मला पेपर वाचून दाखवायची. त्या दिवशी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, पप्पांना कसं सांगू?

मी तिला जे सांगितलं ते आज जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "आताच नको सांगू. आधी नाव लागू दे. तुह्या बापाचं असं हाये, झालेल्या गोष्टीले तो नाही म्हनत नाही. मंग मी सांगतो त्याले."

ती म्हणाली, "नक्की सांगसान ना?"

मी म्हणालो, "मी बसलो ना." आमच्याकडं त्याचा अर्थ, मी आहे ना, काळजी करू नको.

मी असा सल्ला का दिला? मी स्वतः अमरावतीला शिकलो. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं तिथली, आणि ती पोरीलाही मिळावीत असं मला मनापासून वाटत होतं. पण मुलासमोर बसून सरळ बोलायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आदल्या वर्षी मी त्याला न विचारता शेजाऱ्याला आमच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, बैलगाडीची वाट द्यायचा शब्द देऊन बसलो होतो. त्यावरून घरात मोठा तमाशा झाला. चार माणसांसमोर मुलगा म्हणाला होता, बाबा, एका घरात दोन कारभारी नको. बायको गेल्यापासून मी सुनेच्या हातचं खात होतो. तेव्हापासून काहीही करायचं झालं की मी ते गुपचूप करून मग सांगायला शिकलो होतो, आणि तेच पोरीला शिकवलं.

डोळे दाखवायचे आहेत असं सांगून मी तिला सोबत घेऊन अमरावतीला गेलो. अकोट, अंजनगाव करत एसटीनं. अंजनगावच्या स्टँडवर आम्ही केळी खाल्ली, मी पान लावून घेतलं. पोरगी खिडकीतून बाहेर बघत एकसारखी बोलत होती. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडं आम्ही गेलोच नाही. कॉलेज पाहिलं, तिनं अर्ज भरला, मग मुलींचं हॉस्टेल पाहिलं. तिथल्या बाईंनी मला फाटकाशी बसवलं आणि तिला खोली दाखवायला नेलं. परत आल्यावर मी तिला पहिला प्रश्न विचारला, पलंग किती रुंद आहे?

तिला हसू आलं. मग मी तिला सांगितलं की मी हॉस्टेलला गेलो तेव्हा माझ्या आईनं घरच्या कापसाची गादी भरून दिली होती, चांगली ऐसपैस. ती पलंगाच्या दोन्ही बाजूंनी लोंबायची. पोरं म्हणायची, हा म्हशीवर झोपतो. वर्षभर ऐकलं मी ते. ती परत आत गेली आणि वितीनं पलंग मोजून आली. अडीच फूट.

आमच्याकडं लेकरू बाहेर शिकायला निघालं की घरच्या कापसाची गादी करतात. पोरीचं नाव यादीत लागलं तसा मी घरात राखून ठेवलेला कापूस तेल्हाऱ्याला नेला. सरकी काढून घेतली आणि रुई माझ्या ओळखीच्या पिंजाऱ्याकडं दिली. हा पिंजारी माझ्याच वयाचा, मी त्याला भाई म्हणतो. त्यानं माप ऐकलं आणि विचारलं, इतनी छोटी काहून? मी सांगितलं, नात अमरावतीला शिकायला जाते आहे, हॉस्टेलचा पलंग आहे. तो खूश झाला. म्हणाला, मग मी रुई थोडी जास्त पिंजतो, लेकीचं काम आहे. झाली की मी स्वतः न्यायला येईन असं त्याला सांगायचं मी विसरलो. आणि तो मला निरोप कशाला पाठवेल? गावाकडं येणारा ऑटो दिसला, त्यानं गादी त्यात टाकून दिली.

दुपारची वेळ होती. ऑटोवाल्यानं गादी ओट्यावर ठेवली आणि तो पुढं निघून गेला. मी बाजेवर बसलो होतो. मुलाला सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. नेमका त्याच वेळी तो शेतातून आला, पाय धुतले आणि गादीकडं बघत उभा राहिला. निळ्या पट्ट्यांचं कोरं कापड, गच्च भरलेली, अरुंद. आमच्या घरातल्या कुठल्याच पलंगाला ती बसणारी नव्हती.

"ही कोनाची गादी हो बाबा?"

मी म्हणालो, "मले काय माहीत."

हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले की मला स्वतःलाही कळले नाहीत. पुढच्या क्षणी ते परत घेता आले असते. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मीनं सांगतली, पप्पा," ती म्हणाली. "माही हाये."

मग तिनं सगळं सांगितलं. अमरावती, कॉलेज, यादी, हॉस्टेल. बापानं विचारलं, तू तिथं गेलीच कधी? ती म्हणाली, आबांना डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत बसवून मी एकटीच गेले होते, त्यांना काही माहीत नाही. पोरगी त्या सगळ्या प्रकरणात एवढंच खोटं बोलली, आणि ते मला वाचवायला.

मला वाटलं होतं मुलगा ओरडेल. तो ओट्याच्या कडेवर बसला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"मले इचारलं असतं तं म्या नाही म्हनलं असतं का? धाडलं असतं तुले. अमरावती का परदेस हाये? पन तू मायासंगच डाव खेळली."

 मी त्याला ओळखतो असं समजून पोरीला लपवायला सांगितलं होतं, आणि माझा मुलगा तसा नव्हताच. विचारलं असतं तर तो तिला पाठवणार होता. आता त्याला अमरावतीचा राग नव्हता, त्याला फसवलं गेल्याचं दुःख होतं. ज्या पोरीचं बोट धरून तो पोळ्याला बैल मिरवायचा, तिनं आपल्याला परकं समजलं, हे त्याला लागलं होतं. त्यानं निकाल दिला. अकोल्याला जायचं, मामाकडं राहायचं, तिथं जे मिळेल ते शिकायचं. म्हणाला, माझी नजर नाही तर मामाची तरी राहील.

अमरावतीला कागद घेऊन हजर व्हायची मुदत अजून संपलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात तुरी निवडत होतो. ती येऊन बाजूला बसली. तीही तुरी निवडू लागली. 

"आबा, तुमी एक डाव सांगा पप्पाले. मले लपवाले तुमी सांगतलं होतं, इतकंच. बाकी मी पाहून घेतो."

मी म्हणालो, "पाहतो."

"आज सांगसान?"

"तो थंडा होऊ दे जरा."

तिनं हातातल्या तुरी सुपात टाकल्या आणि उठली. जाताना म्हणाली, "तुमी बसले ना, आबा." त्यात टोमणा होता की नाही, मी आजवर ठरवू शकलो नाही.

मी सांगितलं नाही. मुलगा समोर यायचा आणि मला ते दोन कारभारी आठवायचे. आज जेवण झाल्यावर सांगू, उद्या सकाळी सांगू, असं करत मुदत गेली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या सकाळपासून तिनं पेपर वाचून दाखवणं बंद केलं. पेपर आणून, नीट घडी करून माझ्या बाजेवर ठेवायची आणि जायची. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, मला वाचता येत नाही हे तिला माहीत होतं.

ती अकोल्याला गेली. तिनं गादी नेली नाही, मामाकडं अंथरूण होतं. मुलानंच ती उचलून माझ्या बाजेवर टाकली. म्हणाला, बाबा, तुमच्या पाठीला बरी पडेल. माझ्या बाजेला ती बरोबर बसली. मी त्या गादीवर आजही झोपतो.

काही दिवसांनी तेल्हाऱ्याच्या बाजारात पिंजारी भेटला. त्यानं विचारलं, "पोट्टी पोचली का अमरावतीले? नींद लगती ना अच्छी?" मी हो म्हणालो. त्यालाही खोटंच सांगितलं. पुढं त्याचं दुकान बंद होईपर्यंत मी त्या गल्लीतून गेलो नाही.

पोरगी अकोल्यात शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढं तिला अमरावतीला विद्यापीठात जायचं होतं, तर मुलगा म्हणाला, हिचा भरोसा नाही. आता ती अकोल्यातच एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवाळीला येते, भाऊबीज झाली की निघते. बापलेक एकमेकांशी नीट बोलतात, पण पाहुण्यांसारखं. मुलानं तिचा फोन तपासल्याचं मी एकदा पाहिलं. तिनंही ते पाहिलं, आणि ती आत निघून गेली. ती माझं नाव घेऊ शकली असती, कधीही. एका वाक्यात मोकळी झाली असती. तिनं घेतलं नाही. सुरुवातीला मला ते तिचं मोठेपण वाटायचं. आता वाटतं, मी स्वतः बोलावं याची ती वाट बघत होती, आणि कधीतरी तिनं वाट बघणं सोडून दिलं.

मागच्या उन्हाळ्यात मी एकटाच अकोल्याला गेलो. घरी सांगितलं, गुडघे दाखवायला जातो. या वेळी डॉक्टरकडं खरंच गेलो, आणि तिथून तिच्या खोलीवर. एसटीत सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होतो. तिनं दार उघडलं, पाया पडली, चहा केला. चहा गोड पाण्याचा होता, तो पिऊन मी पाण्याबद्दल बोललो. मग गुडघ्यांबद्दल, पावसाबद्दल, धाकटीच्या बारावीबद्दल. ती म्हणाली, तिला पाहिजे तिथं जाऊ द्या. मी म्हणालो, हो. वाक्य तोंडाशी येई आणि मी आणखी एक घोट घेई. कप रिकामा झाला तरी तो हातात धरून बसलो.

ती मला स्टँडवर सोडायला आली. खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. खाली उभी राहून म्हणाली, "आबा, ते गादी भरून घ्या आता नव्यानं. बसली असंन ती."

मी म्हणालो, "बसली." गाडी सुरू झाली. ती हात न हलवता उभी होती.

जे वाक्य मी अकोल्यापर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं, ते मोठं नव्हतं. ते तिला एकटीला सांगून भागणार नव्हतं, तिच्या बापासमोर, त्याच ओट्यावर बसून म्हणायचं होतं. बाई, तुह्या बापाले तू फसवलं नाही, म्या फसवलं. तुले पुढं केलं अन् मी मागं लपलो. मले माफ कर.