काळीपिवळीचे ब्रेक

उमरेडहून नागपूरला मी रोज ज्याच्या काळीपिवळीने जायचो, त्या ड्रायव्हरचं नाव मला माहीत नाही. विचारावंसंही वाटलं नाही, इतका त्याचा राग यायचा. ब्रेक दाबला की म्हातारी गाडी किंचाळायची. "अहो, पॅड बदला!" मी ओरडायचो. तो एका हाताने मांडीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत हसायचा. "चालून राहिले ना भाऊ! काहून घाबरता?"

एका सकाळी गाडी थांबता थांबेना. पुढच्या ट्रकवर आदळली तेव्हाच थांबली. मागे बाया लेकरांना कवटाळून रडत होत्या. माझ्या ओठातून रक्त येत होतं.

तो शांतपणे उतरला. बंपरची लिंबू-मिरची तोडून फेकली आणि डिकीतली नवी बांधली.

"सुकून गेली होती भाऊ," तो मला म्हणाला. "टायमावर बदलाले पाहिजे होती."